कोयता निघण्याआधी परसबागेला हात लावा

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल कधीच खर्चून गेलेली असते. गाडी दारात येते आणि नवरा-बायकोचा कोयता सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकाकडे निघतो. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. पुढचे पाच-सहा महिने त्यांच्या ताटात काय पडतं, ते आम्ही वस्त्यांमधून फिरताना बघतो. भाकरी, लाल चटणी आणि बाजाराच्या दिवशी आणलेले बटाटे. तिकडे कोपीवर गेलेल्यांचं ताटही काही वेगळं नसतं. म्हणून या वेळी आरोग्याचं पान आम्ही घरामागच्या चार हात जागेला दिलं आहे.

वर्षावास संपून आश्विन पौर्णिमा येते, त्याच्या आगेमागे पंधरा दिवसांत ही कामं बसवायची. पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते आणि ऊन कडक असतं. याच दिवसांत कष्ट केले तर डिसेंबर ते मार्च भाजी मिळते. दिवाळीनंतर हात लावला तर ओल गेलेली असते, आणि आपल्याकडे पाणी विकत घेऊन मेथी लावणं कुणाला परवडणार?

पहिला प्रश्न जागेचा. गायरानाची एक-दोन एकर जमीन ज्यांनी लढून कसायला घेतली, त्यांच्या बांधावर बोरी, सीताफळी, एखादं लिंबू असतं. बाकीच्यांना घरामागची गल्ली आणि न्हाणीचं पाणी जातं तेवढी पट्टी. पण तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असे दोन वाफे कुठंही बसतात. तेही नसतील तर सिमेंटची रिकामी पोती घ्या, खाली चार भोकं पाडा, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत भरा. पोत्यात पालक, कोथिंबीर, लसूण, मिरची सगळं येतं. आम्ही हे पत्र्याच्या घरांच्या ओळीत केलेलं बघितलं आहे. जागा नाही म्हणणाऱ्यांपेक्षा शेळ्या-कोंबड्या खातात म्हणणाऱ्यांचं म्हणणं जास्त खरं आहे. त्यावर उपाय काटेरी फांद्यांचं कुंपण. बाभळीच्या फांद्या पुरतात, फक्त काटे लेकरांच्या वाटेवर येऊ देऊ नका.

सुरुवात साफसफाईनं करायची. पावसाळ्यातले दोडका, कारलं, घोसाळं, दुधी यांचे वेल आता पिवळे पडतात. सगळे एकदम उपटू नका. प्रत्येक वेलावर एक चांगलं, सरळ वाढलेलं फळ बियाण्यासाठी ठेवा. दोडका वेलावरच वाळून हलवल्यावर खुळखुळ वाजला की उतरवायचा. बी काढून सावलीत वाळवायचं, चुलीच्या कोरड्या राखेत घोळून बाटलीत घट्ट बंद करून ठेवायचं. बाजारातल्या संकरित बियाण्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच फळ येईल याची खात्री नसते, म्हणून गावठी वाण असेल त्याचंच बी धरा. शेजारपाजारी विचारलं की एखाद्या आजीच्या मडक्यात ते सापडतंच. लाल भोपळे मात्र देठासकट काढा आणि कोरड्या जागी, शिंक्यावर किंवा फळीवर ठेवा. देठ शाबूत राहिलं आणि साल खरचटली नाही तर भोपळा दोन-तीन महिने सहज टिकतो. मागे राहणाऱ्या आजीसाठी याच्याइतकी बिनकष्टाची भाजी नाही. डोळ्यांसाठी जे अ जीवनसत्त्व लागतं, ते शरीर याच्या पिवळ्याधमक गरातून तयार करतं.

साफसफाईत गाजर गवत हमखास सापडेल. त्यालाच काँग्रेस गवत म्हणतात. १९५०च्या दशकात पुण्याकडे ते पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता मराठवाड्याचा एक बांध त्याच्यावाचून नाही. हात, मान, पापण्या यांना त्याची खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते, काहींना दमाही लागतो. ते फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, तोंडावर पदर घ्या, काम झाल्यावर साबणानं हात-पाय धुवा. फुलं नसलेलं गवत खड्ड्यात टाकून कुजवता येतं. फुलांवर आलेलं खतात टाकाल तर पुढच्या वर्षी वाफ्यात तेच उगवेल.

पालापाचोळा, सरपण, विटांचा ढीग हलवताना हात आधी घालू नका, काठी घाला. या दिवसांत पिकं निघतात, उंदीर वस्तीकडे येतात आणि त्यांच्या मागे साप येतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. साप चावला तर दोरीनं घट्ट आवळायचं नाही, ब्लेडनं कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट सापाच्या विषावरची लस मिळेल अशा सरकारी दवाखान्यात न्या. विंचवाचंही तसंच. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर ते घरी बसण्याचं दुखणं नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून विंचूदंशाचे असंख्य जीव वाचले आहेत. गोळी किती आणि कधी द्यायची ते मात्र डॉक्टरच ठरवतील. खुरपं-विळा लागून जखम झाली तर ती आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर दवाखान्यात जाऊन घ्या.

आता वाफे. माती वीतभर खोल खणून ढेकळं उलटी करा आणि सात-आठ दिवस ऑक्टोबरच्या उन्हात तापू द्या. त्या उन्हानं किडीची अंडी आणि हुमणीच्या अळ्या बऱ्याच मरतात, राहिलेल्या कोंबड्या वेचतात. मग प्रत्येक वाफ्याला दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. कुजलेलं म्हणजे काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. ताजं शेण घातलं तर हुमणी येते, रोपं जळतात, आणि पालेभाजीवाटे पोटातल्या रोगांचे जंतूही घरात येतात. लेकरं वाफ्यात अनवाणी खेळतात, हेही लक्षात ठेवा.

काय लावायचं हे ठरवताना एकच विचार करा: तुम्ही गेल्यावर पाणी कोण घालणार? सत्तरीच्या आजीला रोज वीस कळशा ओढायला लावणारी बाग आम्हाला नको. म्हणून एकदा लावून पुन्हा पुन्हा कापता येतील अशा भाज्या घ्या. पालक आणि आंबट चुका दीड महिन्यात कापणीला येतात आणि बुडापासून दोन बोटं ठेवून कापले की परत फुटतात. मेथी पंचवीस-तीस दिवसांत येते, पण ती उपटून संपते. म्हणून एकदम सगळी न पेरता दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टी पेरायची. हे काम दहा वर्षांचं लेकरूही करतं. धने पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करा, तसे अख्खे पेरू नका. शेपू, चाकवत, मुळा यांच्या दोन-दोन ओळी पुरतात.

एका कोपऱ्यात मूठभर हरभरा आणि चिमूटभर करडई टाकाच. करडईची कोवळी पानं भाजीला येतात. हरभरा महिन्याचा झाला की त्याचे शेंडे खुडायचे, त्यानं झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि खुडलेला पाला भाजीला होतो. जास्त झाला तर सावलीत वाळवून ठेवा. वाळल्या हरभऱ्याची भाजी आपल्या मराठवाड्याच्या घराघरांत आहेच, ती काही आम्ही सांगायला नको. पण सध्या तरण्या सुनांना ती गरिबाची भाजी वाटते, म्हणून सांगतो: हरभऱ्याच्या पाल्यात लोह भरपूर असतं. त्या मानानं पालकाचा जरा जास्तच उदो उदो झाला आहे. पालकात लोह आहे, पण त्यातल्याच एका आम्लामुळे ते अंगाला कमी लागतं. मुतखडा होऊन गेला असेल तर पालक आणि चुका बेतानंच खा.

घेवड्याचे, वालाचे वेल पावसाळ्यात लावलेले असतील तर दिवस लहान व्हायला लागले की ते आपोआप फुलायला लागतात. त्यांच्यावर मावा पडतो, काळे-हिरवे बारीक किडे शेंड्याला लगडतात. दुकानातलं औषध आणून शिंपडण्याची घाई करू नका. निंबोळीच्या गराची पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी शिंपडा. शेतावरून आणलेली कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा बागेत पाण्यासाठी तर कधीच वापरू नका, कितीही धुतला तरी.

लसणाची लागवड ऑक्टोबरातच. जाड पाकळ्या निवडा, टोक वर ठेवून बोटाच्या पेराइतक्या खोल आणि चार बोटं अंतरानं लावा. पाकळ्यांची साल काढू नका.

पाण्याचं तंत्र सोपं आहे. वाफ्याच्या मधोमध बिनरंगाचं, पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा भरावं लागतं. झाकण नाही ठेवलं तर त्यात डासांच्या अळ्या होतील. वाफ्यावर सोयाबीनचं भुसकट पसरा, म्हणजे ओल उडत नाही. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी पपई, अळू, कढीपत्ता, केळ यांना चालतं. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला किंवा मुळ्याला ते घालू नका. कपड्यांच्या सोड्याचं पाणी कशालाच नको. बागेतले टायर, फुटके डबे, करवंट्या याच वेळी पालथ्या करा, कारण पावसाळा सरला तरी डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतच असतात. आठवड्यातून एक दिवस रांजण-टाकी कोरडी करून घासायची.

फळझाडांचं काम कमी, पण वेळेवर करायचं असतं. कागदी लिंबाला सप्टेंबरात पाण्याचा ताण बसून ऑक्टोबरात फुलं आली तर तो हस्त बहार, त्याची फळं ऐन उन्हाळ्यात मिळतात, तेव्हाच लिंबाला भाव असतो. आता वाळलेल्या काड्या कापा आणि खोडाला बोर्डो मलम लावा: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचं, तेही मातीच्या नाहीतर प्लास्टिकच्या भांड्यात. मोरचूद विषारी आहे, उरलेला पुडा लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. पेरूखाली पडलेली, आत अळी झालेली फळं तशीच सोडली तर फळमाशी वाढते. ती वेचून हातभर खोल पुरून टाका.

पपईची रोपं या महिन्यात लावता येतात. पपईच्या बुडाशी पाणी साठलं की ती सडते, म्हणून उंचवटा करून लावा. गावठी रोप नर आहे की मादी ते फुलं आल्याशिवाय कळत नाही. म्हणून एका आळ्यात दोन-तीन रोपं लावा, फुलं आली की मादी ठेवा, नर काढा. आसपास एखादा नर असू द्या. गरोदर बाईनं पपई खाऊ नये म्हणतात, त्यात कच्च्या पपईपुरतं तथ्य आहे. पूर्ण पिकलेली पपई बेतानं खायला हरकत नाही.

आणि सीताफळ. धारूर, अंबाजोगाई, आष्टी, बालाघाटाचा सगळा डोंगर सध्या सीताफळांनी भरलेला आहे. बीडच्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं खास संशोधन केंद्र आहे आणि तिथून धारूर-६ हे मोठ्या फळाचं वाण आलं. डोळे उघडून त्यांच्या मधल्या रेषा पिवळसर दिसल्या की फळ काढायचं, कवळं काढलं तर ते पिकत नाही, काळं पडतं. फळावर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर मुंग्याच त्याला वर नेतात. झाडावर वाळून काळी पडलेली जुनी फळं काढून जाळा. छाटणी मात्र आता नाही, ती हिवाळ्याच्या शेवटी.

सीताफळाचं एक कलम आम्हाला नर्स म्हणून जास्त कळकळीनं सांगायचं आहे. उवा मारायला बिया वाटून डोक्याला लावायची रीत आपल्या घरांत आहे. उवा मरतात, हे खरं. पण ती पूड किंवा लगद्याचं पाणी डोळ्यात गेलं तर बुबुळाला जखम होते, डोळा लालबुंद होतो, उघडत नाही, दृष्टीवरही परिणाम होऊ शकतो. असे डोळे घेऊन रात्रभर रडलेल्या पोरी आम्ही दवाखान्यात बघितल्या आहेत. उवांसाठी दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात लोशन मिळतं, सोबत बारीक दातांची फणी. बिया फेकून द्या. आणि चुकून डोळ्यात गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा, चोळू नका, दूध-तूप घालू नका, डॉक्टरला दाखवा.

निघणाऱ्यांसाठी आता वेगळं सांगायचं आहे. ताई, तुमच्या गाठोड्यात पातेली, तवा, गोधड्या बांधल्या की एक छोटी पिशवी अजून बांधा. तिच्यात शेवग्याच्या पाल्याची भुकटी असू द्या. पाला धुऊन, सावलीत कडक वाळवून, चुरून, कोरड्या डब्यात. दोन माणसांच्या भाकरीच्या पिठात किंवा कालवणात दोन चमचे टाकायची. वाळवल्यानं त्यातलं क जीवनसत्त्व जातं, पण लोह आणि कॅल्शियम राहतं. म्हणून सोबत लिंबं ठेवा, जेवताना ताटात पिळा, कढईत शिजवताना नको. आंबट पिळलं की पाल्यातलं लोह अंगाला लागतं. चहा लागलीच जेवणावर घेतला की तेच लोह वाया जातं, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. पहाटे फडात उतरायच्या घाईत हे जमत नाही, मान्य. संध्याकाळच्या जेवणाला तरी जमवा. कारळाची, जवसाची, तिळाची चटणी न्या. बाजारातून सुकट मिळाली तर तिच्यातलं लोह पाल्यापेक्षा लवकर अंगी लागतं. गाडी सेंटरचा तळ कारखान्याजवळ महिनोन् महिने एकाच जागी असतो. तिथं कोपीच्या मागे मेथी-कोथिंबीर टाकता येते, बैलांचं शेणखतही हाताशी असतं. टायर सेंटर आणि डोकी सेंटरवाल्यांना फड बदलत फिरावं लागतं, त्यांचा आधार वाळवलेला पालाच.

हे एवढं का सांगतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या जिल्ह्याचं तर २०१९ साली विधिमंडळापर्यंत नाव गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून जास्त जातं, कंबर दुखते, खाडा झाला की दंड कापतात, मग एकदाची पिशवीच काढू, असा हिशेब होतो. शेवग्याच्या भुकटीनं हा प्रश्न सुटत नाही, तो मजुरीचा आणि दवाखान्यांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे. भाजीनं जबर रक्तक्षयही भरून निघत नाही. म्हणून गाडीत बसायच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. १२च्या खाली असेल, गरोदर असाल तर ११च्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या मागून घ्या आणि पाच महिने पुरतील एवढ्या कशा मिळतील ते तिथंच विचारा. कॅल्शियमची गोळी असेल तर ती लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका. पिशवी काढायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

घरी बाग कुणाच्या हवाली करायची, हे निघायच्या आदल्या दिवशी ठरवू नका. घरात आजी-आजोबा असतील तर वाटाघाट त्यांच्याशी. लेकरं हंगामी वसतिगृहात आणि घराला कुलूप असेल तर शेजारणीला बटईनं द्या: तिनं पाणी घालायचं, निम्मी भाजी तिची, निम्मी वसतिगृहातल्या लेकरांकडे किंवा वस्तीतल्या एकट्या म्हातारीकडे. तोंडी बोलणं दोन बायांसमोर झालेलं बरं. बियाणं कुठून आणायचं असं विचाराल तर अंगणवाडीत, बचत गटात विचारा, आणि अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात चार-पाच जणींनी मिळून जाऊन विचारा. एकटीला टोलवतात, घोळक्याला बसायला सांगतात.

लसूण तेवढा आजीच्या लक्षात आणून द्या. फेब्रुवारी सरता सरता त्याची पात पिवळी पडून माना टाकायला लागते. तेव्हा पाणी तोडायचं, आठवड्यानं उपटायचा, पातीसकट सावलीत पंधरा दिवस वाळवायचा आणि वेण्या घालून आढ्याला टांगायचा. चांगल्या जाड पाकळ्यांची एक वेणी वेगळी ठेवायची, ती पुढच्या दसऱ्याच्या लागवडीला.